विद्यापीठीय तंत्रज्ञान नियोजन

विद्यापीठीय तंत्रज्ञान नियोजन म्हणजे संगणक, आंतरजाल, परीक्षा-प्रणाली, ग्रंथालयीन विदागारे इत्यादी साधनांची निवड, खरेदी, वापर आणि देखभाल विद्यापीठाच्या शैक्षणिक उद्दिष्टांना धरून आखण्याची प्रक्रिया होय. कोणाला काय शिकवायचे आहे हा तिच्यातील पहिला प्रश्न असतो आणि कोणते यंत्र घ्यावे हा शेवटचा. व्यवहारात हा क्रम वारंवार उलटतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार प्रामुख्याने रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

कायदेशीर चौकट

या परिसरातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या विद्यापीठास महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. या अधिनियमात पाच वर्षांच्या बृहत् आराखड्याची तसेच स्वतंत्र माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे. बृहत् आराखड्याची चर्चा मात्र बहुधा नवी महाविद्यालये कोठे काढावीत याभोवतीच फिरते. आराखडा आणि मंडळ यांचा सांधा जुळला नाही, तर दोन्हींचे काम कागदोपत्री पूर्ण होऊनही विद्यार्थ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही.

लोणेरे येथील विद्यापीठ

महाडच्या उत्तरेस, मुंबई–गोवा महामार्गालगत, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ते १९८९ च्या स्वतंत्र कायद्याने अस्तित्वात आले. १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाची भूमी येथून जवळच आहे. सार्वजनिक साधन सर्वांना खुले असावे, हा त्या सत्याग्रहाचा आग्रह विद्यापीठाच्या नावाशी जोडलेला आहे.

आरंभी हे विद्यापीठ एकाच परिसरापुरते होते. तेव्हा तंत्रज्ञानाची गरज मुख्यतः तेथील प्रयोगशाळा, कार्यशाळा व ग्रंथालय यांची होती. २०१४ च्या कायद्याने त्यास राज्यभरातील अभियांत्रिकी व तत्सम महाविद्यालयांना संलग्नता देण्याचे अधिकार मिळाले. त्यानंतर नोंदणी, प्रश्नपत्रिका, मूल्यांकन आणि निकाल ही कामे दूरदूरच्या महाविद्यालयांसाठी करणे भाग पडले. विद्यापीठाचे कार्य बदलले की यंत्रणेचा आराखडाही मुळापासून तपासावा लागतो, याचे हे जवळचे उदाहरण आहे. अशा वेळी परीक्षेची यंत्रणा वाढत जाते आणि प्रयोगशाळा जुनीच राहते, असा धोका कोणत्याही संलग्नक विद्यापीठास असतो.

मुंबई विद्यापीठ, २०१७

नियोजनाचा क्रम चुकल्यास काय होते, हे मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या उन्हाळी परीक्षांत दिसले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून त्यांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याचे ठरले. जलद व पारदर्शक निकाल हा हेतू होता आणि तो गैर नव्हता. परंतु परीक्षा सुरू झाल्यानंतर कंत्राट दिले गेले. शिक्षकांचे प्रशिक्षण, स्कॅनिंगची क्षमता आणि लहानशी चाचणी यांसाठी वेळच उरला नाही. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही पाळली गेली नाही. मूल्यांकनासाठी महाविद्यालयांतील अध्यापन काही दिवस थांबवावे लागले. म्हणजे शिक्षणाच्या सोयीसाठी आणलेल्या साधनासाठी शिक्षणच बंद ठेवण्याची पाळी आली! पुढील प्रवेश अडलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

पडद्यावरील मूल्यांकन ही पद्धतच टाकाऊ, असा निष्कर्ष यावरून काढणे योग्य नाही. एखाद्या लहान विद्याशाखेत एक सत्र ती चालवून पाहिली असती, तर बहुतेक दोष आधीच उघडकीस आले असते.

भूगोल आणि पूर

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात नियोजनाला पावसाचे भान ठेवावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. वीज व दूरध्वनी सेवा खंडित झाल्या. तळमजल्यावर ठेवलेला सर्व्हर आणि एकाच केबलवर अवलंबून असलेली परीक्षा येथे टिकणार नाही. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या दिवशी आंतरजालावरून केंद्रास पाठवायची असल्यास पर्यायी जोडणी, जनित्र आणि छपाईयंत्र यांचा खर्च त्याच निर्णयात धरणे आवश्यक ठरते.

घाटाकडील वाड्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी असते. व्याख्यानाची चित्रफीत मोबाइलवर पाहण्यासाठी त्याला संपर्क मिळेल अशी जागा शोधावी लागते. त्यामुळे महाविद्यालयात एकदा उतरवून घेऊन घरी वाचता येणारे, युनिकोड मराठीतील हलके साहित्य त्याला अधिक उपयोगी पडते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्रीय मंचावरील अभ्यासक्रमांना मराठी टिपणांची जोड देणे, हे स्थानिक शिक्षकाचे काम आहे. त्यासाठी त्याच्या कार्यभारात तास मोजले गेले पाहिजेत.

मोजमाप व देखभाल

नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी-संगणक प्रमाण विचारले जाते. ही संख्या भरणे सोपे असते. ते संगणक आठवड्यातून किती तास विद्यार्थ्यांच्या हाती असतात, याची नोंद मात्र महाविद्यालयाने स्वतःहून ठेवावी लागते. खरेदीसाठी अनुदान एकदाच मिळते, तर दुरुस्ती, बॅटऱ्या, परवाना-शुल्क आणि प्रयोगशाळा-साहाय्यकाचे वेतन दरवर्षी द्यावे लागते. म्हणून खरेदीच्या प्रस्तावातच पुढील किमान पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि तो कोणत्या निधीतून होईल, याचा उल्लेख असणे इष्ट मानले जाते. मूडलसारख्या मुक्त प्रणालीस परवाना-शुल्क पडत नाही, परंतु ती सांभाळणारा माणूस लागतोच.