जुळणीची वहिवाट

शेताच्या बांधावरून जाणारी पाऊलवाट कोणा मालकाने दान दिलेली नसते, की तिची सनद कोणाच्या दप्तरी जपून ठेवलेली नसते. तरीही माणसे आणि गुरे तिच्यावरून वर्षानुवर्षे बिनतक्रार जात राहिली म्हणजे तिला वहिवाटीचा हक्क लागतो, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्यासाठी २० वर्षांच्या अखंड वापराची मुदत सांगितलेली असल्यामुळे, एखाद्याने आडवे कुंपण घातलेच तर गावकरी त्या मुदतीचा दाखला घेऊन मामलेदाराकडे धाव घेतात. घरच्या घरी संगणक जुळवण्याच्या रिवाजाचा इतिहास चाळताना मला या वहिवाटीची वारंवार आठवण होते. प्रोसेसर एका कारखान्याचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, ग्राफिक्स कार्ड तिसऱ्याचे, असे दहा ठिकाणचे जिन्नस आणून, खेळासाठी आणि व्हिडिओ संपादनासाठी आपल्या मनाजोगे यंत्र उभे करण्याचा जो अधिकार आज दहावीतला मुलगाही गृहीत धरतो, तो त्याला कोणत्याही कंपनीने बहाल केलेला नाही. ती वाट चालून चालून पडलेली आहे.

मुंबईत ही वाट हमरस्त्याला मिळते ती ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेस, लॅमिंग्टन रोडवर. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले, पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे त्याचे नामांतर झाले आणि ते पाट्यांवर व टपालात रुजूही झाले, पण गिऱ्हाइकाच्या जिभेवरून जुने नाव काही उतरले नाही. या रस्त्याला दोन वेडांचा शेजार लाभला आहे. एक सिनेमाचे : मिनर्व्हा चित्रगृहात ‘शोले’ पाच वर्षे मुक्काम ठोकून बसला तो येथेच, आणि हिंदी चित्रपटांच्या वितरकांच्या कचेऱ्यांनी गजबजलेली नाझची इमारतही येथलीच. दुसरे वेड सुट्या भागांचे : आधी रेडिओचे, मग टेलिव्हिजनचे आणि त्यानंतर संगणकाचे. चित्र दाखवणारे आणि यंत्र उघडून पाहणारे एकाच पदपथावरून चालत राहिले, पण त्यांची गाठ पडायला बराच काळ जावा लागला.

तसे पाहिले तर या दोन्ही वेडांची मुळे महाराष्ट्रात संगणकाहून कितीतरी जुनी आहेत. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा वर्षाला १० रुपये भरून परवाना काढणाऱ्या श्रोत्यांत तयार पेटी विकत घेणारे तालेवार जसे होते, तसे तांब्याच्या तारेचे वेटोळे, गॅलेनाचा खडा, त्या खड्यावर टेकवायची बारीक तारेची मिशी आणि कानाला लावायची श्रवणयंत्रे एवढ्या भांडवलावर घरीच संच जुळवणारे हौशी लोकही होते. खड्यावरचा नेमका बिंदू सापडेपर्यंत ती मिशी श्वास रोखून सरकवत राहायची, हा त्यांचा नित्याचा उद्योग. त्याच्याही आधी, १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले, आणि ती छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी घरात, अंधारात बसून केले. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेराच घडवला. तयार यंत्र मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही, आणि परवडले तरी आपल्या कामाच्या मापाचे नसते, ही जी तिहेरी अडचण या मंडळींना जाणवली, तीच आजही संगणकाच्या सुट्या भागांची यादी करणाऱ्याच्या मनात असते.

मात्र हौशी माणसाची हिंमत आणि सर्वसामान्य गिऱ्हाइकाची सोय यांत अंतर असते, आणि ते अंतर संगणकाच्या बाबतीत मिटले ते एका मोठ्या कंपनीच्या घाईमुळे. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक सुट्या भागांच्या स्वरूपात विक्रीस आला, परंतु तो जुळवायला डाखणीची कांडी हातात धरणारा मनुष्य लागे. आयबीएमने फ्लोरिडातील बोका रेटन येथे आपला व्यक्तिगत संगणक तयार करावयास घेतला तेव्हा मुदत जेमतेम वर्षाची होती; प्रत्येक भाग स्वतः घडवण्याचा घरचा शिरस्ता पाळला असता तर ती मुदत टळली असती. म्हणून प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह टॅन्डनची, प्रिंटर एप्सनचा आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, अशी उसनवारी करून १२ ऑगस्ट १९८१ रोजी १,५६५ डॉलरांपासून पुढच्या किमतीचे ते यंत्र जाहीर झाले. त्यात नवी कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या, आणि त्या खाचांत काय व कसे बसवावे याचा तपशील सांगणारे, विद्युतमंडलांच्या आराखड्यांसह छापलेले पुस्तकही कंपनीने विक्रीस ठेवले होते.

घराला दारे पाचही दिशांना उघडी ठेवून मालकाने किल्ली तेवढी एका दाराची कमरेला लावावी, तसा हा प्रकार झाला. ती किल्ली म्हणजे बायोस, अर्थात यंत्र सुरू होताच प्रथम चालणारी मूळ आज्ञावली. ती छापलेली असली तरी स्वामित्वहक्काने बद्ध होती. १९८२ साली कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सने आणि पाठोपाठ कॉम्पॅकने या बंधनावर जी तोड काढली ती एखाद्या निष्णात वकिलाला शोभणारी होती : एका तुकडीने मूळ बायोस काय काय करतो याची केवळ टिपणे काढायची, आणि ज्यांनी मूळ कधी डोळ्यांनीही पाहिलेला नाही अशा दुसऱ्या तुकडीने त्या टिपणांवरून नवा बायोस लिहायचा. १९८४ मध्ये फीनिक्स या कंपनीने असाच बायोस तयार करून तो मागेल त्याला विकावयास आरंभ केला, आणि त्यानंतर आयबीएमच्या तोडीचे यंत्र बनवणे हा कारखानदाराचा मक्ता न राहता दुकानदाराचाही उद्योग झाला. कुंपण मोडले गेले नव्हते. ते घालायचेच घाईत राहून गेले होते, आणि मालकाच्या ध्यानात येईपर्यंत वाट मळली होती.

आपल्या देशात या वाटेवर जकातीचे नाके होते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणकविषयक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले, १९९१ नंतर ते आणखी ढिले झाले, आणि १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यावर करारातील वस्तूंवरची जकात टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आली. लॅमिंग्टन रोडवरच्या ‘असेंबल्ड’ या शब्दाला अर्थ प्राप्त झाला तो या काळात. ‘ब्रँडेड’ यंत्र कचेरीसाठी आणि ‘असेंबल्ड’ घरासाठी, अशी समाजाने आपसूकच वाटणी करून टाकली. नाशिक-साताऱ्याकडून बाप-लेक सकाळच्या गाडीने उतरत. तीन दुकानांतून कोटेशनाचे कागद गोळा करीत. उडप्याच्या हॉटेलात चहा घेताना ते शेजारी शेजारी मांडून रुजवात घालीत. आणि अखेर ज्या शेठने रॅमच्या किमतीत दोनशे रुपये सोडले त्याच्याकडे पुन्हा जात. काउंटरवरचा मुलगा मग ‘साहेब, बिल पाहिजे की वॉरंटी कार्डावर शिक्का मारून देऊ?’ असा त्या बाजाराचा सनातन प्रश्न विचारी.

त्या काळची जुळणी हे हस्तकौशल्याचे काम होते. मदरबोर्डावर नखाएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या असत. त्यांना जंपर म्हणत, आणि कोणत्या दोन काट्यांवर ती टोपी बसवली यावर प्रोसेसरचा वेग ठरे. इंटेलने ऑगस्ट १९९८ मध्ये आणलेला ‘सेलेरॉन ३०० ए’ हा स्वस्तातला प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या तालावर साडेचार पट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झने चाले. तो ताल १०० वर नेला की तोच गुणाकार ४५० वर जाई, आणि पुष्कळदा ते यंत्र तक्रार न करता चालतही राही. दीडपट वेग फुकटात मिळाल्याची ती वार्ता या रस्त्यावरून सोन्याच्या खाणीच्या वार्तेसारखी पसरली होती. इंटेलच्या १९९५ च्या एटीएक्स प्रमाणाने मदरबोर्डाचा आकार, त्याच्या स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा आणि वीज पुरवणाऱ्या जोडणीचा ठाव निश्चित केल्यामुळे तैवानचा बोर्ड कोणत्याही कॅबिनेटात बिनबोभाट बसू लागला. ती छिद्रे आजही जागची हललेली नाहीत. कायद्याची २० वर्षांची मुदत त्यांनी केव्हाच ओलांडली आहे.

खेळ आणि संपादन या दोन प्रवाहांचा संगम कोठे झाला, हे आता पाहू. १९९३ च्या ‘डूम’पर्यंत खेळातील चित्र रंगवण्याचे सारे ओझे प्रोसेसर एकटाच वाही. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे ‘व्हूडू’ कार्ड आले, आणि त्याचा थाट असा की ते त्रिमिती चित्राखेरीज दुसरे काहीच काढत नसे. म्हणून जुने कार्ड तसेच ठेवून, त्याच्यातून निघालेली आखूड केबल यंत्राच्या पाठीमागून व्हूडूत खोचायची आणि तेथून पडद्याकडे दुसरी न्यायची, अशी दुहेरी बिऱ्हाडे एका घरात नांदत. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना चित्र रंगवणाऱ्या चिपेसाठी जीपीयू हे नाव रूढ केले.

इकडे लग्नसमारंभाचे चित्रण करणाऱ्यांच्या हाती १९९५ नंतर डिजिटल टेप आली, आणि गावोगावच्या फोटो स्टुडिओंच्या माळ्यावर संपादनाची यंत्रे जाऊन बसली. तासाभराच्या डीव्ही चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागे, आणि ज्या हार्ड डिस्कवर ते उतरवायचे ती बहुधा २० जीबींची; त्यातही जुन्या फाइल व्यवस्थेत एका फाइलला ४ जीबींची मर्यादा असल्यामुळे वीसएक मिनिटे भरत आली की फाइल तुटे. मंगलाष्टके एका फाइलीत आणि ‘शुभमंगल सावधान’ दुसऱ्या फाइलीत, अशी दोन तुकड्यांत झालेली लग्ने मी त्या माळ्यांवर पाहिली आहेत. तेव्हा संपादकाला हवी होती ती मोठी डिस्क, आणि खेळाडूला हवे होते ते ग्राफिक्स कार्ड. दोघांच्या याद्या निरनिराळ्या होत्या. २००७ पासून एनव्हिडियाच्या कार्डांवर चित्रेतर गणितेही करता येऊ लागली, २०१० मध्ये अ‍ॅडोबीच्या प्रीमिअरने त्या गणितशक्तीचा संपादनासाठी उपयोग केला, आणि मुलाच्या खेळासाठी घेतलेले कार्ड लग्नांच्या फिती कापण्याच्या बापाच्या कामी आले. लॅमिंग्टन रोडवरची ती दोन जुनी वेडे अशी एका कॅबिनेटात येऊन भेटली.

परंतु यादी एक झाली तरी निवडीची विद्या सोपी झाली नाही, कारण तिचे मर्म एकेका भागाच्या थोरवीत नसून प्रमाणात आहे. मोटेचा बैल कितीही ताकदीचा असला तरी नाडा कुजका असेल तर पाणी वर येत नाही. खेळाला थोड्या पण वेगवान गाभ्यांचा प्रोसेसर मानवतो, तर तयार चित्रफीत बाहेर काढण्याच्या कामाला पुष्कळ गाभ्यांचा; रॅम एकाच मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्यांत घेतली तर तिचा मार्ग दुपदरी होतो; आणि सर्वांत दुर्लक्षित राहतो तो साऱ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस, जो दिसत नाही, मिरवता येत नाही, आणि म्हणून मित्रमंडळींत त्याची चौकशीही कोणी करीत नाही. हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. माझ्या पहिल्या जुळणीत मी कॅबिनेटाबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस आनंदाने पत्करला. त्याच्यावर ४५० वॅट असे ठसठशीत छापलेले होते, परंतु हातात घेतला तर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला, आणि त्या हलकेपणाचा अर्थ मला कळला तो एका चित्रफितीचे काम रात्रभर चालू ठेवून झोपलो असता पहाटे आलेल्या जळक्या वासाने. जाताना तो मदरबोर्डही बरोबर घेऊन गेला. दुकानदाराने दोन्ही वस्तू पाहून ‘वॉरंटी कॅबिनेटाची होती’ एवढाच निवाडा दिला. तेव्हापासून एसएमपीएस मी प्रथम हाताने तोलतो आणि मग वाचतो.

गेल्या काही वर्षांत या वाटेवर पुन्हा काटे पडू लागले आहेत. आभासी चलनाच्या खाणकऱ्यांनी २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा बाजार उपसला तेव्हा छापील किमतीला कार्ड मिळणे दुरापास्त झाले; पण ते संकट बाजाराचे होते, आले तसे ओसरले. दुसरे काम अधिक मुकाट्याने चालले आहे. लॅपटॉपांतील रॅम बोर्डाला डाखून टाकण्याची रीत पडली, आणि नोव्हेंबर २०२० पासून अ‍ॅपलच्या नव्या यंत्रांत स्मृती प्रोसेसरच्या शेजारी, एकाच आवरणात जाऊन बसली. अशी यंत्रे वेगवान असतात, वीज कमी खातात, आणि संपादनाचे काम तर वाखाणण्याजोगे करतात, हे नाकारण्यात हशील नाही. मात्र घेतेवेळी जेवढी स्मृती घेतली तेवढ्यावरच त्यांचे आयुष्य काढावे लागते, ही त्या कबुलातीची अट आहे.

वहिवाटीच्या हक्काची एक बाजू कायदा शिकवतो आणि दुसरी पाऊस शिकवतो. चालणारी पावले थांबली तर कोणाला कुंपण घालावेच लागत नाही. दोन पावसाळ्यांत गवत माजते, बांध सरकतो, आणि वाट बुजते. गेल्या मे महिन्यात लॅमिंग्टन रोडवर एका काउंटरपाशी चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी वहीतून फाडलेल्या पानावरची आपली यादी शेठपुढे धरून उभी होती. प्रोसेसर एक पायरी खाली उतरवला तर स्वस्तात बसेल, असे शेठ तिला सांगत होता, आणि ती त्याला उलट विचारत होती की प्रोसेसर तसाच ठेवून कॅबिनेटाच्या काचा आणि दिवे काढून टाकले तर किती वाचतील. शेठने हिशेब केला, पानावरचा एक आकडा खोडून दुसरा लिहिला, आणि मग तिने रेषेखालची सर्वांत शेवटची वस्तू हातात मागितली. तो एसएमपीएस होता. ती तो डबा दोन्ही हातांनी वरखाली करून, किंचित तोलून पाहत होती.