शोभणारा गंध

वस्त्र अंगाच्या मापाने बेतावे, हे कोणास सांगावे लागत नाही. सुगंध मात्र बहुधा बाटलीच्या किमतीने निवडला जातो. हा प्रमाद आमच्याही हातून घडला. ज्येष्ठाचे दिवस, पाऊस यावयाचा होता. बोईसर येथे स्नेह्यांकडील लग्नास जावयाचे म्हणून आम्ही हिन्याचे उंची अत्तर मनगटांस व रुमालास सढळ हाताने लाविले. मंडपात शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ दम्याचे निघाले. थोड्याच वेळात ते खोकत उठले आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. आम्हांस तर तोवर अत्तराचा वासच येईनासा झाला होता. इतका की आणखी एक फाया कानात ठेवण्याच्या बेतात आम्ही होतो!

घरी आल्यावर जुने ग्रंथ उघडले, तेव्हा आपली चूक किती जुन्या शहाणपणाविरुद्ध होती ते उमगले. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या ऋतुचर्येत गंधाचे स्थान ऋतूप्रमाणे ठरविले आहे. हेमंतात केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप. ग्रीष्मात कापूर, हरिचंदन व मोगरीच्या माळा. आणि पावसाळ्यात, कपडे दमट राहतात तेव्हा, धूप दिलेली वस्त्रे. यातील मर्म उघड आहे. उष्णतेने गंध लवकर उडतो व दूरवर पसरतो. थंडीत तो अंगाशीच राहतो. थंडीत ऊब देणारा हिना म्हणूनच ज्येष्ठात शेजाऱ्याचा छळ करितो.

वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त 16 द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांचे भाग बदलून, 1,74,720 गंध सिद्ध होतात असे गणित मांडिले. सर्वांत उत्तम असा एकच सुगंध जगात असता तर एवढी गणना कशास हवी होती? पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (1126–1138) याने 'मानसोल्लासा'त स्नान, विलेपन आणि धूप यांचा राजाच्या उपभोगांत स्वतंत्र विचार केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातील. परंतु ही विद्या राजवाड्यातच अडकून पडली नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प्रा. प. कृ. गोडे यांनी 1945 मध्ये 'गंधवाद' नामक ग्रंथाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यावर मराठी टीका आहे आणि तिचा काळ त्यांनी सुमारे 1350 ते 1550 असा ठरविला. संस्कृत न जाणणाऱ्या कोणाला तरी गंध सिद्ध करावयाचा होता, असेच यावरून अनुमान निघते. दिवाळीच्या उटण्यात आजही आपण नागरमोथा व कचोरा घालतो, तो याच विद्येचा घरगुती अवशेष होय.

मग स्वतःस शोभणारा गंध ओळखावा कसा? दुकानातील पहिल्या हुंगण्यावर विसंबू नये. मद्यार्कातील सुगंधाचा आरंभीचा भपका क्षणात उडतो. तेलातील अत्तर सावकाश उलगडते. मनगटास किंचित लावून दोन-तीन तास आपल्या कामास लागावे. घामाशी व त्वचेशी मिसळून जे उरेल, तेच आपले. शिवाय नाक सरावते, तेव्हा अखेरचा निवाडा घरच्या माणसाकडे सोपवावा.

बोईसर-तारापूरकडे ही सावधगिरी अधिकच हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक 93.69, म्हणजे देशात सर्वांत वरचा, होता. अशा हवेत अत्तर अधिक लावण्याचा मोह होतो. पण दुर्गंधावर सुगंध चढविल्याने हवा निर्मळ होत नाही, केवळ जड होते. ते काम अत्तराचे नव्हे, कारखान्यांचे व शासनाचे आहे.

त्याच मंडपात वधूच्या आजींच्या अंबाड्यात मोगऱ्याचा साधा गजरा होता. जव्हार-विक्रमगडच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी मोगरा पिकवितात आणि तो मुंबईच्या दादर बाजारापर्यंत जातो. आजींनी वाग्भट वाचला नसावा. पण ग्रीष्मात मोगरी, हा त्याचा नियम त्यांनी बिनचूक पाळला होता.

ते वृद्ध गृहस्थ जेवणाच्या वेळी मंडपात परतले, ते आजींच्या शेजारी निःशंक बसले. आमच्यापासून मात्र चार खुर्च्या दूर. गंधाचे माप आम्हांस त्या दिवशी कळले.