‘एलियन्स’ चित्रपटातील शस्त्रे : ओळखीचा प्रश्न

सापडलेल्या अवशेषावरून शस्त्राची ओळख पटविणे हे पुरातत्त्वाच्या अभ्यासकाचे नित्याचे काम होय. लोणखेडा-शहादे परिसरातून वाहणारी गोमाई प्रकाशे येथे तापीस मिळते. तेथे १९५५ साली बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन थरांतून बारीक दगडी पाती हाती आली. अशा पात्यांचे लाकडी दांडे केव्हाच कुजून गेलेले असतात. उरलेल्या धारेवरूनच संपूर्ण हत्याराची कल्पना करावी लागते. चित्रपटातील शस्त्रांच्या बाबतीत हाच प्रश्न उलट्या रूपाने उभा राहतो. तेथे बाहेरचे आवरण डोळ्यांसमोर असते. शोधावयाचे असते ते आतील मूळ शस्त्र.

जेम्स कॅमेरॉन दिग्दर्शित ‘एलियन्स’ (१९८६) या विज्ञान-भयपटाची कथा बाविसाव्या शतकात, दूरच्या एका वसाहतीत घडते. तीतील सैनिकांजवळ ‘पल्स रायफल’ नावाची बंदूक आहे. कथेनुसार ती पितळी पुंगळी नसलेल्या १० मिलिमीटरच्या गोळ्या झाडते. वस्तुतः तिच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन थॉम्पसन सबमशीनगन, म्हणजे आपल्याकडील जुन्या सैनिकांच्या बोलीतील ‘टॉमीगन’, बसविलेली होती. ही टॉमीगन .४५ इंच व्यासाची, आणि तिच्या गोळ्यांस पुंगळी असतेच. खाली रेमिंग्टन ८७० ही शॉटगन आखूड करून जोडली होती व तिच्याभोवती इटालियन ‘स्पास-१२’ या शॉटगनवरील जाळीदार आच्छादन चढविले होते. खांद्याकमरेच्या पट्ट्यांवर पेललेली जी अवजड ‘स्मार्टगन’ पडद्यावर दिसते, ती कॅमेरा स्थिर धरण्याच्या ‘स्टेडिकॅम’ या साधनाच्या बाहूवर बसविलेली जर्मन एमजी-४२ मशीनगन होय.

नवी शस्त्रे घडविण्याऐवजी जुनीच का वापरली, याचे कारण तांत्रिक आहे. नळीच्या तोंडाशी खरी ज्वाला दिसावी, तर कोरी काडतुसे झाडणारी खरी यंत्रणा लागते, आणि यंत्रणा आली की तिचे काही अवयव झाकता येत नाहीत. पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी, उजव्या बाजूस मागेपुढे होणारी मूठ, दाणेपेटीची जागा ही सारी निर्मात्यास जशीच्या तशी ठेवावी लागतात. ओळख पटवावयाची ती याच अवयवांवरून. रंग, आकार व पडद्यावरील नाव यांस पुरावा म्हणून किंमत नाही. एमजी-४२ हे १९४२ सालचे शस्त्र. याउलट त्याच सैनिकांच्या कमरेला असलेले व्हीपी-७० हे जर्मन पिस्तूल १९७० च्या सुमाराचे. भविष्यकाळ म्हणून दाखविलेल्या एका तुकडीत असे निरनिराळ्या दशकांतील थर सापडतात.

ही केवळ हौशी माणसांची करमणूक आहे, असे म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाठ फिरवू नये. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांच्या हाती टॉमीगनच होती. हे कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील. मशीनगनच्या माऱ्याने तुकडीतील इतर सर्वजण पडले असता ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांस निकामी केले, आणखी एकास गोळी घातली. दाणेपेटी बदलण्यास अवधी उरला नाही, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या प्रहारांनी ठार केले. पुढे शत्रूच्या नेमबाजांनी त्यांस गाठले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मरणोत्तर मिळाला. समोरची मशीनगन कोणत्या जातीची होती, हे प्रशस्तिपत्रात नाही. परंतु एमजी-४२ हे जर्मनांचे इटलीतील नेहमीचे शस्त्र होते. त्या मोहिमेत परस्परांवर रोखली गेलेली ही दोन शस्त्रे चित्रपटात एकाच पथकाच्या हाती दिली आहेत, आणि प्रेक्षकास त्याचा पत्ताही लागत नाही.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. युद्धकाळात सुमारे १५ लाख थॉम्पसन बंदुका तयार झाल्या. पडद्यावरील बंदूक कोणत्या जातीची, एवढे अवयवांवरून सिद्ध होते. तीच नग-बंदूक पूर्वी कोणत्या रणांगणावर होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते जाणण्यास तिच्यावरील क्रमांक व भांडाराची नोंदवही पाहावी लागते.