लाजवर्दच्या खाणीत

पाठीवर काटेरी फाट्यांचा भारा आहे आणि चढ काही संपत नाही. साल १८०० च्या आसपासचं, दिवस ऐन थंडीचे. हे बदख्शान, अफगाणिस्तानचा ईशान्य कोपरा. खाली कोकचा नदी, वर डोंगराच्या पोटात सर-ए-संगची खाण. सुरुंग नाही, इथे कातळ फोडतं ते सरपण.

आत फाटे कातळाशी रचून पेटवलेत. धुरानं तुमचे डोळे चुरचुरतात. छत काजळीनं काळंकुट्ट, त्याला टेकू म्हणाल तर एकही नाही. दगड चांगला तापला की त्यावर गार पाण्याचा हबका बसतो. कातळ तडकतो, खपले सुटतात, तुम्ही घणानं ते पाडत राहता. हाती लागतो तो बहुतेक पांढरा संगमरवर, म्हणजे इथला कचरा.

मग एका खपल्याआड निळं दिसतं: लाजवर्द.

"घण ठेव!" उस्ताद ओरडतो. आता घाई नाही. निळ्याभोवती छिन्नीनं खाच पाडायची, पहारीनं अलगद उचकटायचं. उस्ताद तुकडा जिभेनं ओला करतो, दिव्यापाशी धरतो. गर्द तो नीली, फिका तो आसमानी, हिरवट तो सब्जी. मुंबईच्या आरमारातला लेफ्टनंट जॉन वूड १८३८ च्या सुमारास इथं येऊन हीच प्रतवारी टिपून घेणार आहे. सोनेरी ठिपके सोन्याचे नव्हेत, लोह आणि गंधकाचे. तरी भाव वाढवतात. कॅल्साइटचा पांढरा डाग भाव पाडतो. आणि ती निळाई? तीही गंधकाचीच करामत: स्फटिकात अडकून बसलेले तीन-तीन अणू.

चला, पावणेचार हजार वर्षं मागं. कोकचा जिथं आमूदर्याला मिळते, तिथं जवळच शोर्तुगाई. सिंधू खोऱ्यातल्या लोकांनी घरापासून इतक्या लांब ठाणं मांडलंय, आणि तुमच्यासमोर याच दगडाचे मणी घासले जातायत.

आणखी पाचशेएक वर्षं मागं, पश्चिमेला उर शहरात. मेसोपोटेमियात लाजवर्दची एकही खाण नाही, तरी राणी पुआबीसाठी सोनं, अकीक आणि लाजवर्दचे मणी ओवले जातायत. ओवणाऱ्याला विचारा, हा दगड येतो कुठून? तो पूर्वेकडे नुसता हात करील, आणि व्यापाऱ्यानं यंदा भाव किती चढवला याचंच रडगाणं तुम्हाला ऐकवील.