नगरच्या कोर्टातले अकरा दिवस

बाहेरच्या माणसाला कर्जत म्हटलं की आधी रायगडातलं कर्जत आठवतं, मुंबईच्या लोकलचं. आमचं कर्जत नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला. ज्वारीचं, काळविटांचं, पावसाची वाट बघणारं. रेहेकुरीच्या अभयारण्यासाठी कुणी वाट वाकडी करून आलं तर आलं. २०१६ च्या जुलैनंतर मात्र पुण्यामुंबईत कुणी गाव विचारलं आणि आपण तालुका सांगितला, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा : "कोपर्डी तिथलीच ना?"

तिथलीच. १३ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती. वारीला गेलेली माणसं पंढरपुरात पोचलेली, मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांपुढे पेरणी. दुष्काळाची वर्षं काढून लोक जरा कुठं आभाळाकडं आशेनं बघायला लागले होते. त्या संध्याकाळी नववीत शिकणारी पंधरा वर्षांची एक मुलगी सायकल घेऊन आजोबांच्या घरी मसाला आणायला गेली. गावातल्या गावात, रोजच्या पायाखालच्या रस्त्यानं. ती परतली नाही म्हणून घरचे शोधायला निघाले, तेव्हा तिच्यावर अत्याचार होऊन तिचा जीव गेलेला होता. यापुढचा तपशील तेव्हा गावोगावच्या मोबाइलवर फिरला, फोटोंसकट. मी तो इथं लिहिणार नाही. अशा मुलीचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. लोक तिला छकुली म्हणू लागले.

मी तेव्हा तालुक्यातल्याच एका शाळेत शिकवत होते. त्या आठवड्यात नववी-दहावीच्या वर्गांत मुलींचे बाक निम्मे रिकामे. घरी जाऊन विचारलं तर एक आई चुलीपुढून न उठताच म्हणाली, "बाई, तुमची शाळा चांगलीये वो, पण रस्ता कुणाचाये?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन महिन्यांत वर्गातल्या दोघींची लग्नं ठरल्याचं कानावर आलं. वय विचारायची सोय नव्हती, कारण वय मला हजेरीपटावरून पाठच होतं.

तिघे तरुण काही दिवसांतच पकडले गेले. आरोपी दलित समाजातले, मुलगी मराठा. हे लिहायचं टाळून कोपर्डीचा इतिहास सांगता येत नाही, कारण पुढं जे झालं ते बरंचसं याच एका ओळीवरून झालं. ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला मूक मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्यांमागून जिल्हे. सप्टेंबरात नगरला निघाला तेव्हा आमच्या गावातून टेम्पो, जीप, ट्रॅक्टर भरून माणसं गेली. ज्या बायका कधी तालुक्याच्या बाजारालाही एकट्या गेल्या नव्हत्या, त्या गेल्या. पुढं मुली, त्यांच्यामागं बाया, मग पुरुष, आणि पुढारी सगळ्यांत शेवटी. घोषणा नाही, भाषण नाही. मुलींनीच जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं, राष्ट्रगीत म्हणायचं आणि घरी जायचं. मागं पडलेल्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा पोरं उचलून नेत. एवढी माणसं आणि एवढी शांतता आपल्याकडं कुणी पाहिली नव्हती. ती शांतता खरी होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

पण निवेदनातल्या मागण्या वाचल्या तर पहिली छकुलीच्या न्यायाची, आणि तिच्यामागं मराठा आरक्षण, शेतमालाचा भाव, अॅट्रॉसिटी कायद्यात बदल. आरक्षणाचं आणि शेतीचं दुखणं खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं साठलेलं होतं, त्याला तोंड फुटलं. अॅट्रॉसिटीचं मात्र मला तेव्हाही पटलं नाही. कोपर्डीतल्या गुन्ह्याचा त्या कायद्याशी संबंध काय? तो कायदा काही त्या रस्त्यावर आडवा आला नव्हता. त्या दिवसांत आमच्या गावातल्या दलित वस्तीतली माणसं पारावर बसायची बंद झाली. कुणी त्यांना काही बोललं नव्हतं. न बोलणंच झालं होतं. मग त्यांच्याही बाजूनं मोर्चे निघाले, कायदा शाबूत राहावा म्हणून.

खटला यापासून लांब, आपल्या चालीनं चालला. सरकारनं उज्ज्वल निकमांना विशेष सरकारी वकील नेमलं. मारताना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी नव्हतं, म्हणजे परिस्थितिजन्य पुराव्यावर सगळी मदार. कोण कुठं दिसलं, कधी दिसलं, आधी काय घडलं होतं, डॉक्टर काय सांगतात, अशी एकेक कडी जुळवत जायची, आणि मधली एक जरी निखळली तरी साखळी खाली. सरकार पक्षानं एकतीस साक्षीदार तपासले. घरची माणसं, गावची माणसं, डॉक्टर, पोलीस. कोर्टात उभं राहून शपथेवर बोलणं खेड्यातल्या माणसाला किती जड जातं, हे शहरातल्या वाचकाला कदाचित कळणार नाही. बांधाच्या भांडणातसुद्धा आपल्याकडं साक्षीला माणूस मिळत नाही. "आपल्याला काय करायचंय" हे गावाचं अर्धं शहाणपण असतं. कोपर्डीच्या खटल्यात माणसं बोलली आणि बोललेल्यावर टिकली. १८ नोव्हेंबर २०१७ ला न्यायाधीश सुवर्णा केवले यांनी तिघांनाही दोषी ठरवलं आणि २९ नोव्हेंबरला फाशी सुनावली. गावोगाव फटाके वाजले.

या दोन तारखांच्या मधे, २३ नोव्हेंबरला, नगरच्याच सत्र न्यायालयात आणखी एक निकाल लागला. त्याला फटाके नव्हते.

खर्डा आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात. इतिहासाच्या पुस्तकात ते १७९५ च्या लढाईसाठी येतं, मराठ्यांनी निजामाला हरवलं ती लढाई. किल्ला अजून उभा आहे. तिथं २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या एका शाळकरी दलित मुलाला मारून झाडाला लटकवण्यात आलं. वरच्या मानलेल्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा सांगितला गेला. भर दिवसा, शाळेपासून सुरू झालेली मारहाण. तरी खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, त्यांत शाळेतलेही होते. सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले.

जिल्हा तोच, कोर्ट तेच, महिना तोच. एका खटल्यात कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं आणि गुन्हा शाबीत झाला. दुसऱ्यात गाव जागं असताना झालं आणि शाबीत झालं नाही. मी कायद्याची जाणकार नाही, पण एवढं दिसतं की वकील, पोलीस, फॉरेन्सिक यांच्याइतकीच किंमत गावाच्या तोंडाला आहे. ते कुणासाठी उघडतं आणि कुणासाठी मिटतं, हे कोर्टाच्या हातात नाही.

त्या शनिवारी दहावीच्या वर्गात वर्तमानपत्राचा विषय निघाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, म्हणाला, "बाई, मग खर्ड्याच्या पोराला मारलं कुणी?" वर्गात कुणी हसलं नाही. मी फळ्यावर दोन्ही गावांची नावं आणि तिन्ही तारखा लिहिल्या आणि तास संपेपर्यंत पोरांनाच बोलू दिलं. वर्गात दोन्हीकडची पोरं होती. बोलली, भांडली, एकजण रडलासुद्धा. दुसऱ्या दिवशी एका पालकानं संस्थेकडं तक्रार केली की बाई वर्गात जातीचं काढतात.

खर्ड्याच्या निकालाविरुद्ध अपील करू, असं सरकारनं जाहीर केलं. कोपर्डीची फाशी उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबासाठी मुंबईला गेली, कारण तसा कायदाच आहे. आरक्षणाचा कायदा २०१८ मध्ये झाला आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य आरोपीनं येरवड्याच्या तुरुंगात गळफास घेतल्याची बातमी आली. बाजारात एकजण म्हणाला, "सुटला." दुसरा म्हणाला, "मेला ते बरं झालं." आणि दोघं कांद्याच्या भावाकडं वळले.

शाळेचं सांगायचं राहिलं. मोर्चाच्या वर्षी आमच्याकडच्या पालकांनी वर्गणी काढून मुलींसाठी एक जीप लावली. ज्यांना महिन्याचे पैसे जमले त्यांच्या मुली बसल्या. बाकीच्या काही दिवस तिघी-चौघी मिळून, सायकलला सायकल लावून यायच्या, म्हणजे एकीची पंक्चर झाली की चौघींचा पहिला तास बुडायचा. मी हजेरी दुसऱ्या तासाला घ्यायला लागले.