लिम्फोमाचे भाकीत : पेशी आणि तिचे शेजारी



आजचा विषय आहे ‘लक्षण आणि भाकीत’. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नव्हे. पण मध्यंतरी आमचा एक जुना विद्यार्थी स्वतःचा बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन आला. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. त्याने विचारलं, ‘सर, यात भक्षक पेशी जास्त आहेत असं लिहिलंय. हे चांगलं की वाईट?’ उत्तर शोधताना आम्हाला इतिहासात शिरावं लागलं.

१८३२ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले थॉमस हॉजकिन यांनी सात रुग्णांच्या सुजलेल्या ग्रंथी आणि प्लीहा यांचं वर्णन केलं. १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी या रोगाला हॉजकिन यांचं नाव दिलं. पुढे १८९८ मध्ये व्हिएन्नाचे कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या डोरोथी रीड यांनी त्यातल्या विशिष्ट मोठ्या पेशींचं नेमकं वर्णन केलं. स्टर्नबर्ग याला क्षयाचाच प्रकार समजत होते; हा क्षय नव्हे, हे रीड यांनी ठामपणे मांडलं.

गुन्हेगार सापडला, असं वाटलं. पण गंमत पहा. हॉजकिनच्या गाठीत या रोगट पेशी बहुधा शंभरात एखादी असते. बाकी सगळी गर्दी लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मॅक्रोफेज अशा संरक्षक पेशींची. मग गाठ कोणाची म्हणायची?

१९६० च्या दशकात ल्यूक्स आणि बटलर यांनी या गर्दीवरूनच रोगाचे प्रकार पाडले. लिम्फोसाइट भरपूर असतील तर रुग्ण जास्त जगतो, त्यांचा दुष्काळ असेल तर कमी. शिपाई भरपूर तर गड शाबूत, असा साधा हिशेब. पण त्याच काळात अमेरिकेत अनेक औषधं एकत्र देण्याची केमोथेरपी सुरू झाली आणि हळूहळू या प्रकारांमधला फरकच पुसट झाला. पेशी त्याच होत्या. त्यांचं भाकीत मात्र उपचारांनी बदललं.

याहून बोलकं उदाहरण फॉलिक्युलर लिम्फोमाचं आहे. २००४ मध्ये लुई स्टाउट यांच्या गटाने गाठींमधल्या जनुकांची सक्रियता तपासली. रुग्ण किती काळ जगेल याचा संबंध कर्करोगाच्या पेशींपेक्षा त्यांच्या भोवतीच्या निरोगी संरक्षक पेशींशी जास्त जुळला. २००५ मध्ये कॅनडातल्या अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, मोजल्या. त्या जास्त तर आयुष्य कमी. ठरलं, भक्षक पेशी फितूर!

आणि २००७ मध्ये फिनलंडमधून नेमका उलटा निष्कर्ष आला. तिथल्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर रिटक्सिमॅब दिलं होतं. त्यांच्यात भक्षक पेशी जास्त असणाऱ्यांचा रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. असं का? रिटक्सिमॅब ही प्रतिपिंडं. ती कर्करोगाच्या पेशीला जाऊन चिकटतात आणि भक्षक पेशी त्या प्रतिपिंडाचं शेपूट ओळखून अख्खी पेशी गिळू शकते. हे त्या निष्कर्षाचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. कालचा फितूर आज कामाला आला, कारण त्याच्या हातात खूणचिठ्ठी पडली.

तेव्हा ‘ही पेशी चांगली की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. चांगलं-वाईटपण त्या पेशीच्या पोटात दडलेलं नसतं. ती कोणाच्या शेजारी आहे, तिथे कोणतं औषध पोचलं आहे, या नात्यांवर ते ठरतं. आपण न्यायशास्त्रात व्याप्ती शिकलो ना? धूर तिथे अग्नी. पण अग्नी तिथे धूर म्हणता येत नाही. त्यासाठी ओलं लाकूड लागतं. त्या ओल्या लाकडाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. इथे उपचार ही उपाधी आहे. ती बदलली की जुनं अनुमान लंगडं पडतं.

आणखी एक. असं भाकीत शेकडो रुग्णांच्या समूहाबद्दल असतं. समोर बसलेला माणूस त्या सरासरीच्या अलीकडे असेल की पलीकडे, हे त्यात लिहिलेलं नसतं.

आम्ही त्या विद्यार्थ्याला एवढंच सांगितलं : डॉक्टरांना विचार, हा आकडा कोणते उपचार घेतलेल्या रुग्णांवरून काढला आहे, आणि मला कोणते उपचार देणार आहात? तो कागदावर प्रश्न लिहून घेऊन गेला. सध्या त्याचे उपचार चालू आहेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.