वचन आणि कायदा

यवतमाळ जिल्ह्यांतील वणी हें लोकनायक बापूजी अणे यांचें जन्मगांव. त्यांनीं आयुष्याच्या उत्तरकाळीं लोकमान्य टिळकांचें चरित्र संस्कृत काव्यांत गुंफिलें. त्या ग्रंथास १९७३ सालीं, त्यांच्या निधनानंतर, साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. टिळकचरित्रांतील एका लढ्याची आठवण आज मी आपणांस करून देणार आहे. वरिष्ठाचा भ्रष्टाचार उघड करणाराचें रक्षण कोणीं करावयाचें, हा त्या लढ्यांतील प्रश्न होता.

आर्थर क्रॉफर्ड हे मध्य विभागाचे कमिशनर. मुंबईची सुप्रसिद्ध मंडई यांच्याच नांवानें ओळखली गेली. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठीं ते पैसे घेतात, असा बोभाटा झाला, आणि १८८८ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारनें चौकशी आरंभिली. पण पुरावा आणावयाचा कोठून? लांच ही दोघांमधली गोष्ट. घेणारा बोलत नाहीं, आणि देणारा बोलला तर स्वतःच गुन्हेगार ठरतो. म्हणून सरकारनें मामलेदारांस अभयवचन दिलें. त्यावर विसंबून ते कमिशनपुढें आले व आपण पैसे दिल्याचें त्यांनीं सांगितलें.

निकाल विलक्षण लागला. लांच घेतल्याच्या आरोपांतून क्रॉफर्ड सुटले. आपल्याच अंमलाखालील लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल मात्र त्यांची नोकरी गेली. इकडे विलायतेंत ओरड झाली, कीं लांच देऊन जागा मिळविणारे न्यायासनावर बसतात कसे? तेव्हां कांहीं मामलेदारांस पदावरून दूर करण्यांत आलें. १८८९ सालीं टिळकांनीं पुण्यांत सभा भरवून सरकारास त्याच्या शब्दाची आठवण दिली. त्याच वर्षीं साक्षीदारांस खटल्यांपासून वांचविणारा कायदाहि झाला. परंतु पदाची हमी त्यांत नव्हती.

मामलेदार निष्कलंक नव्हते, हें खरें. तथापि ज्यांच्या साक्षीवांचून चौकशी उभीच राहिली नसती, त्यांस साक्ष घेऊन झाल्यावर शासन करणें म्हणजे पुढच्या साक्षीदाराचें तोंड आधींच बंद करणें होय. आणि जें अभय सरकारच्या मर्जीनें मिळतें, तें मर्जी फिरतांच जातें.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाहीं. २०१० च्या जानेवारींत तळेगांव दाभाडे येथें, माहितीच्या अधिकाराचा वापर करून जमिनींचे गैरव्यवहार उजेडांत आणणारे सतीश शेट्टी यांची हत्या झाली. गैरव्यवहार उघड करणारांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें २०१४ सालीं संमत केला. परंतु दहा वर्षें लोटलीं तरी तो अंमलांत आला नव्हता. १९८८ च्या भ्रष्टाचारप्रतिबंधक कायद्यांत लांच देणाराच्या जबानीस २४ व्या कलमाचें संरक्षण होतें. २०१८ च्या दुरुस्तीनें तें कलम गेलें. सक्तीनें लांच द्यावी लागलेल्यानें आतां सात दिवसांच्या आंत तक्रार केली पाहिजे. कमिशनर पदावर असतांना क्रॉफर्डचे मामलेदार सात दिवसांत बोलले असते काय?

तेव्हां संरक्षण तक्रारीच्या आधींपासून कायद्यांत असावें. तें केवळ खटल्यापुरतें नसून नोकरीस व जिवासहि पुरावें. आणि तें देणारी सत्ता आरोपीच्या खात्याबाहेरची असावी. खरें बोलणारास सरकारच्या उपकारावर अवलंबून राहावें लागूं नये, एवढाच धडा त्या मामलेदारांनीं आपलीं पदें गमावून आपणांस दिला आहे.